काळाच्या नावाने किती पापं खपवणार?

जॉर्ज वॉशिंग्टन आणि थॉमस जेफरसन यांच्या गुलामांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘अहो, ती त्या काळाची माणसं होती.’ व्याख्यानांत ते येतं, दिवाळी अंकांतल्या चरित्रलेखांत येतं, मुलाकडे अमेरिकेला जाऊन वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन पाहून आलेल्यांच्या गप्पांत येतं. बोलणाऱ्याचा सूर समजूतदार असतो. तो क्षणभर थांबतो आणि लगेच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याकडे वळतो. विषय तिथेच मिटवला जातो.

मला तो असा मिटवलेला मान्य नाही. हे वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचे पुरावे त्याच दोघांच्या पत्रव्यवहारात पडलेले आहेत. शिवाय ते निरुपद्रवीही नाही. लाखो माणसांना ते त्यांच्या स्वतःच्या काळातून हाकलून लावतं.

या वाक्यात दोन दावे दडलेले आहेत. पहिला, गुलामगिरी हा अन्याय आहे हे तेव्हा कुणाला कळत नव्हतं. दुसरा, कळलं असतं तरी एकट्यादुकट्या माणसाच्या हातात काही नव्हतं. दोन्ही तपासायला फार लांब जावं लागत नाही. १७९१ हे एकच वर्ष घेतो.

त्या वर्षी वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होता, जेफरसन परराष्ट्रमंत्री, राजधानी पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियात. आदल्या वर्षी देशाची पहिली जनगणना झाली होती. सुमारे ३९ लाख लोकांत ७ लाखांच्या आसपास गुलाम होते. नव्या राज्यघटनेने या गुलामांना मत दिलं नव्हतं, पण काँग्रेसमधल्या जागा ठरवताना त्यांची तीन-पंचमांश गणना करून मालकांच्या राज्यांचं वजन वाढवून दिलं होतं. पळून गेलेला गुलाम मालकाला परत मिळेल, याची हमी घटनेत होती. आफ्रिकेतून माणसं आणण्यावर १८०८ पर्यंत काँग्रेसने बंदी घालायची नाही, हेही घटनेतच लिहिलं होतं.

आता त्या वर्षीचा एप्रिल. पेनसिल्व्हेनियाने १७८० सालीच गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला होता. परराज्यातून आलेल्या मालकाने गुलामाला सलग सहा महिने तिथे ठेवलं, तर त्या गुलामाला स्वातंत्र्य मागता येत होतं. अॅटर्नी जनरल एडमंड रँडॉल्फचे गुलाम याच आधारावर त्याला सोडून गेले, आणि ही गोष्ट त्याने वॉशिंग्टनच्या घरी येऊन सांगितली. मग वॉशिंग्टनने १२ एप्रिलला आपला चिटणीस टोबायस लिअर याला पत्र लिहिलं. सहा महिने भरण्याआधी घरातल्या गुलामांना राज्याबाहेर न्यायचं, आणि ते अशा निमित्ताने न्यायचं की त्यांनाही खरं कारण कळू नये आणि जनतेलाही. अशी पळवाट बंद करण्यासाठी पेनसिल्व्हेनियाने १७८८ साली कायद्यात दुरुस्तीसुद्धा केलेली होती. देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष आपल्या राजधानीतला कायदा चुकवण्यासाठी आपल्याच माणसांना फसवायला सांगत होता. आपण काही गैर करतो आहोत हे ज्याला ठाऊकच नाही, तो लपवाछपवी कशाला करेल?

त्याच वर्षीचा ऑगस्ट. व्हर्जिनियातली वेस्टमोरलँड काउंटी, म्हणजे वॉशिंग्टनची जन्मभूमी. तिथला रॉबर्ट कार्टर तिसरा हा गडगंज जमीनदार. त्याने एक दस्त केला आणि ४५० हून अधिक गुलामांची नावं, वयं लिहून त्यांना टप्प्याटप्प्याने मुक्त करण्याची व्यवस्था लावली. हे त्याला करता आलं, कारण व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १७८२ सालीच मालकांना आपले गुलाम स्वखुशीने मुक्त करण्याची मुभा दिली होती. शेजारी खवळले, नातलग नाराज झाले, कार्टर पुढे बाल्टिमोरला जाऊन राहिला. पण दस्त त्याने मागे घेतला नाही. हाही त्याच काळाचा माणूस, त्याच वर्गाचा, त्याच तंबाखूच्या मळ्यांवर वाढलेला. दुसऱ्या दाव्याचा निकाल या एका दस्ताने लागतो.

त्याच ऑगस्टच्या १९ तारखेला मेरीलँडच्या बेंजामिन बॅनेकरने जेफरसनला पत्र लिहिलं. बॅनेकर स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी. गणित आणि खगोलशास्त्र तो बहुतांशी स्वतःच शिकला होता. वॉशिंग्टन शहर जिथे उभं राहायचं होतं त्या प्रदेशाच्या मोजणीत त्या वर्षी त्याने काम केलं होतं, आणि स्वतः मांडलेल्या गणितांचं पंचांग तो छापणार होता. त्या पंचांगाचं हस्तलिखित त्याने पत्राबरोबर पाठवलं. पत्रात त्याने जेफरसनला जेफरसनच्याच जाहीरनाम्याची आठवण करून दिली. इंग्लंडच्या राजाविरुद्ध तुम्ही माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांची भाषा बोललात, आणि माझ्या बांधवांना बळाने डांबून ठेवून तोच गुन्हा तुम्ही करता आहात, असं त्याने स्पष्ट लिहिलं. जेफरसनने अकरा दिवसांत सभ्य, गोड उत्तर पाठवलं. पुढे १८०९ साली एका मित्राला खासगी पत्र लिहिताना मात्र त्याने बॅनेकरची बुद्धी अगदी सामान्य ठरवली आणि पंचांगामागे दुसऱ्या कुणाचा तरी हात असेल, असा संशय घेतला. तोवर बॅनेकर वारला होता.

एका वर्षातले हे तीन कागद. एकात ज्ञान लपवलेलं आहे, दुसऱ्यात ते आचरलेलं आहे, तिसऱ्यात ते तोंडावर फेकलेलं आहे. यांतला कोणता कागद ‘त्या काळा’चा नाही, ते मला कुणीतरी सांगावं.

आणि १७९१ हा काही अपवाद नाही. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध १६८८ साली नोंदवला होता. जेफरसनच्या जन्माला तेव्हा अजून ५५ वर्षं अवकाश होता. १७७६ साली फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी आपल्या पंथातल्या लोकांना गुलाम बाळगायला बंदी केली. ज्या बेंजामिन फ्रँकलिनने स्वतः गुलाम ठेवले होते आणि पळालेल्या गुलामांच्या जाहिराती आपल्या वृत्तपत्रात छापल्या होत्या, त्याने आयुष्याच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचं अध्यक्षपद घेतलं आणि १७९० साली, मरणाच्या दोनच महिने आधी, काँग्रेसकडे अर्ज पाठवला. आणि पॅट्रिक हेन्री? स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण द्या, अशी गर्जना केल्याबद्दल ज्याचं नाव शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं, त्या हेन्रीने १७७३ साली एका क्वेकराला पत्रात कबूल केलं की गुलामगिरीचं समर्थन मी करू शकत नाही, पण गुलामांवाचून इथे राहणं गैरसोयीचं आहे. हा शब्दशः कबुलीजबाब आहे. ज्याला आपण काळाची मर्यादा म्हणतो, तिला हेन्री स्वतः गैरसोय म्हणत होता.

इथवर मी गोऱ्यांचीच साक्ष जास्त काढली. मुद्दाम काढली, कारण हे वाक्य बोलणाऱ्यांना तीच साक्ष ग्राह्य वाटते. पण माझा खरा आक्षेप पुढे आहे. त्या काळात ७ लाख गुलाम जगत होते. गुलामगिरी अन्याय्य आहे का, हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. ‘तेव्हा कुणाला कळत नव्हतं’ असं म्हणणारा या ७ लाखांना माणसांत धरत नाही. मालक जे करत होते तेच तो दोनशे वर्षांनी पुन्हा करतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या शेफिल्डची बेट घ्या. कर्नल जॉन अॅशलीच्या घरात ती गुलाम होती. १७७३ साली त्याच घरात गावातल्या प्रतिष्ठितांनी एक ठराव लिहून काढला, की निसर्गतः सारी माणसं समान आणि स्वतंत्र आहेत. मालकिणीने दुसऱ्या एका मुलीवर उगारलेलं तापलेलं फावडं बेटने स्वतःच्या हातावर झेललं, आणि त्या जखमेवर तिने कधी पांघरूण घातलं नाही. १७८० साली राज्याची घटना झाली, तिच्यातही तीच समानता लिहिलेली. अक्षरओळख नसलेली बेट थिओडोर सेजविक या वकिलाकडे गेली आणि म्हणाली, हा कायदा मलाही लागू होतो की नाही, ते कोर्टात विचारा. १७८१ साली ग्रेट बॅरिंग्टनच्या ज्युरीने तिच्या बाजूने कौल दिला. तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं आणि १८२९ साली मरेपर्यंत ती स्वतंत्र जगली. दोन वर्षांत क्वॉक वॉकर या दुसऱ्या गुलामाच्या खटल्यातून त्या राज्यातल्या गुलामगिरीचा पायाच उखडला गेला. जेफरसनला जे तत्त्व लिहिता आलं पण पाळता आलं नाही, त्याचा सरळ अर्थ बेटने लावून दाखवला.

आता ओना जज. माउंट व्हर्ननमध्ये जन्मलेली, मार्था वॉशिंग्टनची खास दासी. ज्यांना सहा महिन्यांच्या आत राज्याबाहेर फिरवून आणलं जात होतं, त्यांतलीच एक. १७९६ साली तिला कळलं की मार्था आपल्याला लग्न झालेल्या नातीला भेट देणार आहे. २१ मे रोजी घरची मंडळी जेवायला बसलेली असताना ती दारातून बाहेर पडली, फिलाडेल्फियातल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या मदतीने जहाजावर चढली आणि न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्टस्मथला पोचली. वय बावीसच्या आसपास. वॉशिंग्टनने काय केलं? वर्तमानपत्रात इनामाची जाहिरात निघाली, आणि राष्ट्राध्यक्षाने अर्थमंत्र्यामार्फत पोर्टस्मथच्या कस्टम अधिकाऱ्याला, जोसेफ व्हिपलला, तिच्या मागे लावलं. व्हिपलने तिची गाठ घेऊन कळवलं की मालक-मालकिणीच्या मृत्यूनंतर मुक्त करण्याचं वचन मिळालं तर ती परत येईल. वॉशिंग्टनने ही अट फेटाळली. एकीला असं बक्षीस दिलं तर बाकीच्यांची मनं बिघडतील, हे त्याचं कारण. १७९९ साली मार्थाचा भाचा पुन्हा तिला न्यायला आला. सिनेटर जॉन लँगडनच्या घरून तिला आगाऊ खबर मिळाली आणि ती निसटली.

वॉशिंग्टनचे वकील इथे म्हणतात की ओना मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतली होती, तिला मुक्त करण्याचा हक्कच वॉशिंग्टनला नव्हता. ठीक. पण पाठलाग न करण्याचा हक्क त्याला होता. त्यासाठी कुठल्या दस्ताची, कुठल्या कोर्टाची गरज नव्हती. तोही त्याने वापरला नाही. पळालेल्या गुलामांना पकडून देण्याच्या १७९३ च्या कायद्यावर सही त्याचीच आहे. मृत्युपत्रात त्याने स्वतःच्या मालकीच्या १२३ गुलामांना मार्थाच्या पश्चात मुक्त करण्याची तरतूद केली, हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण जी गोष्ट योग्य आहे हे मृत्युपत्र लिहिताना कळतं, ती जिवंतपणी कळत नव्हती असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

ओना गरिबीत जगली, नवरा आणि मुलं तिच्या आधी गेली. कायद्याच्या दृष्टीने ती १८४८ साली मरेपर्यंत पळालेली गुलामच होती. म्हातारपणी तिची मुलाखत घ्यायला आलेल्याने विचारलं की ते घर सोडल्याचा पस्तावा होतो का. तिने नाही म्हणून सांगितलं, कारण ती स्वतंत्र होती. हाही त्याच काळाचा आवाज आहे, आणि वॉशिंग्टनच्या घरातून निघालेला आहे.

जेफरसनचं प्रकरण याहून वाईट आहे, कारण त्याला संधी पुन्हा पुन्हा चालून आली. १८१४ साली एडवर्ड कोल्स या व्हर्जिनियाच्याच तरुण जमीनदाराने त्याला विनवलं, की तुमच्या शब्दाला वजन आहे, गुलामांच्या मुक्तीचं नेतृत्व करा. जेफरसनने वयाचं कारण सांगून ते काम तरुणांवर ढकललं, आणि जो तरुण समोर उभा होता त्याला मात्र आपल्या गुलामांना सोडू नकोस असा सल्ला दिला. १८०६ पासून व्हर्जिनियात मुक्त झालेल्याला वर्षाच्या आत राज्य सोडावं लागत होतं. कोल्सने त्यावरही वाट काढली. १८१९ साली तो गुलामांना घेऊन इलिनॉयकडे निघाला, वाटेत ओहायो नदीत नावेवरच त्यांना मुक्त केलं आणि प्रत्येक कुटुंबप्रमुखाला १६० एकर जमीन दिली. पुढे तो इलिनॉयचा गव्हर्नर झाला आणि तिथे गुलामगिरी आणण्याचा डाव त्याने हाणून पाडला.

दुसरी संधी पोलंडच्या ताडेउश कोश्चुश्कोने दिली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या या सेनानीने १७९८ साली मृत्युपत्र करून आपला अमेरिकेतला पैसा जेफरसनच्या हाती सोपवला. या पैशातून गुलाम विकत घेऊन मुक्त कर, हवं तर तुझेच घे, त्यांना शिकव, ही त्याची इच्छा. १८१७ साली कोश्चुश्को वारला तेव्हा रक्कम सुमारे १७ हजार डॉलर होती. जेफरसनने मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला नकार दिला. वय झालं होतं, मृत्युपत्रात कायदेशीर गुंते होते, हे सगळं मान्य. पण मित्राने पुढे केलेल्या पैशाने स्वतःची माणसं मुक्त करण्याचा प्रयत्नसुद्धा त्याने केला नाही. त्याच सुमारास एका पत्रात तो हिशेब मांडत होता, की दर दोन वर्षांनी मूल देणारी बाई मळ्यावरच्या उत्तम गड्यापेक्षा अधिक फायद्याची असते.

आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसं जेफरसनच्या मालकीची होती. हयातीत त्याने त्यांतल्या दोघांना मुक्त केलं, मृत्युपत्राने पाच जणांना. त्या पाचांत जोसेफ फॉसेट हा लोहार होता. त्याची बायको एडिथ राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी फ्रेंच स्वयंपाक शिकलेली, जेफरसनची मुख्य स्वयंपाकीण. तिचं नाव मृत्युपत्रात नव्हतं, मुलांची नव्हती. कर्ज एक लाख डॉलरच्या वर होतं. जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिचेलो या त्याच्या मळ्यावर १३० माणसांचा लिलाव झाला. एडिथ आणि तिची मुलं वेगवेगळ्या मालकांना विकली गेली. अकरा वर्षांचा पीटर फॉसेट त्यांत होता. जोसेफने पुढची वर्षं कमावण्यात घालवली आणि बायकोला, मुलांपैकी काहींना परत मिळवलं. पीटर मोठेपणी सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला. जेफरसनच्या वाईन आणि पुस्तकांच्या शौकाविषयी कौतुकाने लिहिणाऱ्यांनी ही किंमत कुणी चुकवली तेही त्याच पानावर लिहावं.

हाच बहाणा मूळ अमेरिकी जमातींच्या बाबतीतही चालतो. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने चेरोकी जमातीला हुसकावलं, ते त्या काळाला धरून होतं म्हणे. या जमातींना पश्चिमेकडे हलवण्याचा १८३० चा कायदा प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी मंजूर झाला. तीन जणांनी मत फिरवलं असतं तर तो पडला असता. टेनेसीच्या डेव्हिड क्रॉकेटने आपल्याच राज्याच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध मत दिलं. चेरोकींकडे सिक्वोयाने घडवलेली लिपी होती, लेखी घटना होती, स्वतःचं वृत्तपत्र होतं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८३२ साली जॉर्जियाविरुद्धचा निकाल मिळाला. तरीही १८३८ साली संगिनी रोखून त्यांना पश्चिमेकडे हाकलण्यात आलं. सुमारे १६ हजारांपैकी अंदाजे ४ हजार माणसं दगावली. पाच मतांच्या फरकाने मंजूर झालेल्या अन्यायाला आपण काळाचा एकमुखी कौल म्हणतो.

मला कळतं, की जाहीरनाम्याचे शब्द पुढे गुलामांच्याच कामी आले. जेफरसननेच १८०७ साली गुलामांच्या आयातीवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली, हेही खरं. पण शब्दांना अर्थ आला तो ज्यांनी ते मालकाच्या तोंडावर फेकले त्यांच्यामुळे. बॅनेकर, बेट, १७७७ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे गुलामगिरीविरुद्ध अर्ज करणारा प्रिन्स हॉल, १७९९ साली काँग्रेसकडे अर्ज करणारा अॅब्सलम जोन्स. जोन्सच्या अर्जाला थारा देऊ नये, या बाजूने प्रतिनिधिगृहात ८५ मतं पडली. विरोधात एक, मॅसॅच्युसेट्सच्या जॉर्ज थॅचरचं. त्या एकालाही तोच काळ लाभला होता.

मराठी वाचकाला तर हे परकं वाटण्याचं कारणच नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सत्पुरुषांना, ज्यांनी कृष्णवर्णीयांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थीपणे स्वतःला झोकून दिलं. पुण्यात बसून, दीडशे वर्षांपूर्वी, जोतीरावांना अमेरिकेच्या इतिहासात कुणापुढे मान लववायची ते अचूक कळलं होतं. त्यांच्याच भाषेत लिहिणाऱ्यांनी आज वॉशिंग्टन-जेफरसनची वकिली करावी, ही शरमेची गोष्ट आहे. आणि ज्यांना अमेरिकेतल्या मालकांसाठी हा बहाणा चालतो, त्यांना तो आपल्याकडच्या अस्पृश्यतेसाठीही चालतो. ‘तेव्हा सगळेच पाळत’ हे वाक्य मी दोन्हीकडे एकाच सुरात ऐकलं आहे.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. वॉशिंग्टन आणि जेफरसन यांच्यावर जरूर लिहा, पण पूर्ण लिहा. गुलामगिरी अन्याय आहे हे त्यांना माहीत होतं. ते त्यांना लेखी कळवलं गेलं होतं. कायद्याची मुभा होती, शेजाऱ्याचं उदाहरण होतं, मित्राचा पैसासुद्धा होता. तरी त्यांनी माणसं ताब्यात ठेवली, कारण ते फायद्याचं आणि सोयीचं होतं. हा दोष त्यांचा आहे, काळाचा नाही. पुढच्या वेळी कुणी व्यासपीठावरून तुम्हाला काळाची सबब सांगितली, तर उठून उभे राहा आणि रॉबर्ट कार्टर कोणत्या काळाचा होता, ओना जज कोणत्या काळाची होती, एवढं विचारा.